हँडब्रेक गेला, बटण आलं: पहिल्यांदा 'इलेक्ट्रॉनिक' गाडी घेणाऱ्यांसाठी

वर्षानुवर्षं एकच गाडी चालवलेली माणसं हल्ली शोरूममधून गोंधळूनच बाहेर पडतात. हँडब्रेकचा दांडा जागेवर नाही, चावी फिरवायची नाही, गिअरच्या जागी गोल खटका आणि एसीचं तापमान स्क्रीनवर. ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या गाडीवर शिकून थेट ऑटोमॅटिक घेणाऱ्यांचीही तीच गत. मी केबलवाल्या हॅचबॅकवरून अशा गाडीवर आलो आणि नंतर सोसायटीतल्या काही जणांच्या डिलिव्हरीला सोबत गेलो. प्रत्येक वेळी तेच प्रश्न, आणि सेल्सच्या मुलांची तीच घाईघाईतली उत्तरं. म्हणून हे एकदाच नीट लिहून काढतोय.

संपूर्ण लेखात एकच प्रश्न हाताशी ठेवा. गाडीतल्या प्रत्येक खटक्याबद्दल विचारायचं, 'वीज गेली तर याचं काय होतं?'

## १. आधी खटक्यामागे काय आहे ते समजून घ्या

बाहेरून सगळं सारखंच दिसतं, पण आतून तीन प्रकार असतात.

पहिला प्रकार संपूर्ण यांत्रिक. मारुती ८०० मध्ये ॲक्सिलरेटर दाबला की केबल ओढली जायची आणि इंजिनात हवा सोडणारी झडप उघडायची. पाय आणि इंजिन यांच्यात दुसरं कुणी नव्हतं.

दुसरा प्रकार यांत्रिकच, पण विजेची मदत घेणारा. स्टिअरिंग यात येतं. आज आपल्याकडे मिळणाऱ्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत स्टिअरिंगपासून चाकांपर्यंत लोखंडी दांडा आहेच, विजेची मोटर फक्त जोर लावते. मोटर बंद पडली तर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, पण गाडी वळते. ब्रेकचंही साधारण तसंच. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत पेडलपासून चाकापर्यंत ऑइलचा दाब जातो आणि बूस्टर त्याला जोर देतो. इंजिन बंद पडल्यावर बूस्टरचा जोर एक-दोन वेळा मिळतो, मग पेडल कडक होतं. तेव्हा घाबरून पाय काढायचा नाही. सगळी ताकद लावून दाबायचं, आणि सोडून-सोडून न दाबता एकदाच दाबून धरायचं.

तिसरा प्रकार निव्वळ संदेशाचा. आजचा ॲक्सिलरेटर यात येतो. पेडलखाली सेन्सर असतात, ते पाय किती दाबला हे कंप्युटरला कळवतात आणि झडप किती उघडायची हे कंप्युटर ठरवतो. सेन्सर दोन असतात. दोघांचं सांगणं जुळलं नाही तर गाडी डॅशबोर्डवर दिवा लावते आणि ताकद कमी करून रखडत चालते. पुष्कळ लोकांना वाटतं इंजिन गेलं. इंजिन शाबूत असतं, गाडीने स्वतःच सावध पवित्रा घेतलेला असतो. अशा वेळी कडेला थांबा, नेटाने पुढे रेटू नका.

हे सगळं कशासाठी आलं? मुख्यतः धुराच्या नियमांसाठी आणि सुरक्षेसाठी. क्रूझ कंट्रोल, घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा, आपोआप लागणारा ब्रेक यांना झडपेवर स्वतःचा ताबा हवा असतो आणि तो केबलने मिळणं अवघड. त्यामुळे 'जुनंच बरं होतं' या गप्पा कट्ट्यावर ठीक आहेत. ॲक्सिलरेटरच्या बाबतीत ती लढाई कधीच संपली. स्क्रीनच्या बाबतीत मात्र संपलेली नाही, आणि तिथे तुमच्या हातात निवड आहे.

## २. टेस्ट ड्राइव्ह घ्या, पण रस्ता तुम्ही ठरवा

लायसन्स सोबत न्या (डिजिलॉकरमधलं सहसा चालतं, तरी आधी विचारा). सेल्सवाले शोरूमसमोरच्या सरळ रस्त्यावर एक फेरी मारून आणतात. त्यात काहीच कळत नाही. ठाण्यात असाल तर घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर न्या, तेही वाहतूक रांगत असताना. नवी मुंबईत असाल तर बेलापूरच्या पारसिक हिलवर. शक्य असेल तर एखाद्या मॉलच्या पार्किंगचा वळणावळणाचा चढही करा. आणि जो व्हेरिअंट घेणार तोच मागा. एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरिअंटमध्ये दांड्याचा हँडब्रेक आणि वरच्यात बटण, असं सर्रास असतं.

गाडी उभी असताना आधी स्क्रीनची परीक्षा घ्या. ही चार कामं करून बघा:

- समोरच्या काचेवरची वाफ घालवणारा डिफॉगर लावा.
- पंख्याचा वेग एक घर कमी करा.
- वायपरचा वेग बदला.
- धोक्याचे चारही इंडिकेटर लावा.

हाताने चाचपडून, न बघता जमलं तर उत्तम. स्क्रीनवर दोन पानं उलटावी लागली तर विचार करा. जुलैत, धो-धो पावसात, मागे कंटेनर असताना काच एकदम धुरकट होते. तेव्हा डिफॉगर स्क्रीनच्या पोटात शोधत बसायचं का? ओल्या किंवा घामट बोटांना स्क्रीन नीट दाद देत नाही, हेही तिथेच तपासता येतं.

यावर एक चाचणी सांगण्यासारखी आहे. २०२२ साली स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाने नव्या टचस्क्रीनच्या गाड्या आणि २००५ सालची बटणांची व्होल्वो व्ही ७० यांना ताशी ११० किलोमीटर वेगात अशीच काही ठरावीक कामं करायला लावली. जुन्या व्होल्वोला दहा सेकंद लागले, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत मागे पडलेल्या गाडीला पाऊण मिनिटाच्या आसपास लागलं, म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त. पाम बीच रोडवर ६० च्या वेगाने जाताना त्याच पाऊण मिनिटात तुम्ही साडेसातशे मीटर पुढे गेलेले असता. गाड्यांची सुरक्षा तपासून त्यांना तारे देणाऱ्या युरोपातल्या 'युरो एनकॅप' या संस्थेने आता २०२६ पासून पूर्ण तारांकनासाठी इंडिकेटर, हॅझर्ड दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना स्वतंत्र खटके असण्याची अट घातली आहे.

सेल्सचा मुलगा म्हणेल, "सर, व्हॉइस कमांड आहे ना!" आहे. मागच्या सीटवर दोन मुलं भांडत असताना ती एकदा वापरून बघा.

## ३. पार्किंग ब्रेकचं बटण

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा थांबून सांगतो.

दांडा ओढला की केबल ताणली जाऊन मागची चाकं आवळली जायची. बटणाच्या ब्रेकमध्ये मागच्या चाकांपाशी छोट्या मोटरी असतात. बटण वर ओढलं की 'गर्र' असा आवाज येतो आणि पॅड आवळले जातात. तो आवाज म्हणजे बिघाड नव्हे. ब्रेक लागला की डॅशबोर्डवर लाल दिवा येतो. दिवा बघितल्याशिवाय गाडीतून उतरू नका.

ब्रेक सोडायला बहुतेक गाड्यांत पायाचा ब्रेक दाबून बटण खाली करायचं. पट्टा लावलेला आणि दार बंद असेल तर ॲक्सिलरेटर दिल्यावर तो आपोआपही सुटतो. पट्टा लावला नाही म्हणून सुटत नाही आणि माणूस 'ब्रेक जाम झाला' म्हणून शोरूमला फोन करतो, हे नेहमीचं.

'ऑटो होल्ड' ही वेगळी गोष्ट. माजिवडा किंवा तीन हात नाक्याच्या सिग्नलला गाडी पूर्ण थांबली की ती स्वतःच ब्रेक धरून ठेवते, पाय मोकळा. सवय झाली की सोडवत नाही. पण पार्किंगमध्ये इंचाइंचाने सरकताना ऑटो होल्ड बंद करा, नाहीतर गाडी अडखळते आणि झटक्यात पुढे जाते.

'हिल होल्ड' आणखी वेगळा. चढावर ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर पाय नेईपर्यंत तो गाडी साधारण दोन सेकंद धरतो. तेवढंच.

एएमटीवाल्यांनी इथे कान टवकारा. एएमटी म्हणजे साधाच क्लच आणि साधाच गिअरबॉक्स, फक्त पायाचं आणि हाताचं काम यंत्र करतं. गायमुखच्या चढावर ॲक्सिलरेटर हलका देऊन गाडी तोलून धरायची सवय असेल तर ती सोडा. क्लच घासतो, तापतो आणि मग डॅशबोर्डवर इशारा येतो. थांबलात की ब्रेक, निघताना ॲक्सिलरेटर. मधलं काही नाही.

चालत्या गाडीत पायाचा ब्रेक निकामी झाला तर? पार्किंग ब्रेकचं बटण ओढून धरून ठेवायचं. बहुतेक गाड्यांत मग यंत्रणा सगळ्या चाकांना ताब्यात ठेवत ब्रेक लावते. बोट सोडलं की ब्रेक सुटतो. तुमच्या गाडीत नेमकं काय होतं ते पुस्तिकेत वाचा. रस्त्यावर प्रयोग करून बघू नका.

आता खास आपल्याकडची अडचण. ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडीच्या जुन्या सोसायट्यांत गाड्या एकामागे एक लागतात आणि पुढची गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक न लावता ठेवायची पद्धत असते. मागच्याला निघायचं असेल तर वॉचमन ढकलतो. बटणाच्या ऑटोमॅटिकमध्ये हे सहजासहजी होत नाही, कारण इंजिन बंद केलं की पुष्कळ गाड्या आपोआप 'पी'मध्ये (म्हणजे पार्किंगमध्ये, चाकं अडकवून) जातात आणि ब्रेकही लावतात. काही गाड्यांत न्यूट्रलमध्ये ठेवण्याची वेगळी कृती आहे, काहींत नाहीच. बुकिंगच्या आधी हा प्रश्न विचारा आणि गाडी समोर ठेवून करून दाखवायला सांगा. नंतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय निघण्यापेक्षा ते बरं.

## ४. चावी कुणाच्या खिशात आहे?

बटणाने चालू होणारी गाडी चावी फक्त आत आहे की नाही एवढंच बघते. त्यातून एक हमखास फजिती होते. नवऱ्याने गाडी चालू केली, ठाणे स्टेशनला उतरला, बायको गाडी घेऊन घरी निघाली. चावी नवऱ्याच्या खिशात, आणि तो सीएसएमटीच्या लोकलमध्ये. चावी दूर गेल्यावर गाडी पिकपिक करते, इशारा देते, पण चालतं इंजिन बंद करत नाही आणि तेच योग्य आहे. घरी पोहोचून इंजिन बंद केलं की मात्र पुन्हा चालू होत नाही. उतरताना चावी द्यायची-घ्यायची सवय पहिल्या आठवड्यातच लावा.

चावीतला सेल उतरला तर घाबरू नका. चावीच्या पोटात धातूची छोटी किल्ली असते, तिने ड्रायव्हरचं दार उघडतं. कुलपाचं भोक काही गाड्यांत हँडलवरच्या झाकणाखाली लपवलेलं असतं, ते आजच शोधून ठेवा. मग तीच चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून किंवा ठरलेल्या खाचेत ठेवून गाडी चालू करता येते. बहुतेक रिमोटमध्ये सीआर २०३२ हा सेल असतो आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येही मिळतो.

चालत्या गाडीत इंजिन तातडीने बंद करायची वेळ आली तर स्टार्टचं बटण नुसतं एकदा दाबून भागत नाही. ते काही सेकंद दाबून धरावं लागतं, किंवा लागोपाठ दाबावं लागतं. पद्धत कंपनीनुसार बदलते, म्हणून घरातल्या प्रत्येक चालकाला ती पाठ हवी.

## ५. जुन्या सवयी ज्या सोडायच्या

मुंब्रा बायपासच्या उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकून इंजिन बंद करणारे काका मला माहीत आहेत. आजच्या गाडीत हे धोक्याचं आहेच, वर तोट्याचंही. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजेक्टर इंधन थांबवतात. न्यूट्रलला टाकलं तर इंजिन चालू ठेवायला थोडं इंधन जळतं. आणि इंजिन बंद केलं तर ब्रेकचा जोर आणि स्टिअरिंगची मदत दोन्ही जाते.

जोरात ब्रेक लावताना पेडल सोडून-सोडून दाबू नका. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या गाड्यांत एबीएस (ब्रेक लागताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, ते हे काम तुमच्याहून वेगाने करतं. पेडल पायाखाली थरथरेल, थरथरू द्या.

चालू करण्याआधी ॲक्सिलरेटर दाबायची गरज नाही. तो कार्ब्युरेटरच्या काळातला रिवाज.

आणि धक्का स्टार्ट विसरा. ऑटोमॅटिक धक्क्याने चालूच होत नाही. मॅन्युअलमध्येसुद्धा बॅटरी पूर्ण उतरली असेल तर इंधनपंप आणि कंप्युटरला वीज मिळत नाही, मग चार जणांनी ढकलून घामच येतो.

## ६. बॅटरी उतरली की काय काय अडतं

दाराचं सेंट्रल लॉक, काचा, गिअरचा खटका, पार्किंग ब्रेक, काही गाड्यांत डिकीसुद्धा. आठवडाभर गावाला जाऊन आल्यावर हे घडतं, त्यातही डॅशकॅम सतत चालू असेल तर जास्त. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना वाटतं आपल्याकडे तर भलीमोठी बॅटरी आहे. तिच्याशिवाय १२ व्होल्टची छोटी बॅटरीही असते, आणि ती उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी उठत नाही.

जंप स्टार्टचा क्रम असा: आधी उतरलेल्या बॅटरीचं प्लस, मग चांगल्या बॅटरीचं प्लस, मग चांगल्या बॅटरीचं मायनस. शेवटचा चिमटा उतरलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. काढताना उलट क्रम. प्लस-मायनसची अदलाबदल झाली तर पूर्वी फ्यूज जायचा, आता महागडं मॉड्यूल जाऊ शकतं. खात्री नसेल तर कंपनीच्या रोड साइड असिस्टन्सला बोलवा. पहिली काही वर्षं ती सेवा सहसा गाडीसोबतच मिळते.

बॅटरी बदलताना एक सापळा आहे. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणारी गाडी असेल तर तिला मूळची होती त्याच प्रकारची बॅटरी लागते. साधी स्वस्त बॅटरी बसते, पण लवकर मरते. बदलल्यावर काचा एका झटक्यात वर जायच्या बंद झाल्या तर बिघाड समजू नका. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरलं की त्या पुन्हा शिकतात.

टो करायची वेळ आली तर ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडी दोरीने ओढू देऊ नका. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक, मागवा.

## ७. पावसाळा

ठाण्यात वंदना टॉकीजचा परिसर कधी भरतो हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत दिसलं की वळून जा. आत अडकलात, इंजिन बंद पडलं, तर पुन्हा स्टार्टचं बटण दाबू नका. इंजिनात पाणी शिरलेलं असेल तर आतले भाग वाकतात. बटण दाबायला एका बोटाचं काम असल्यामुळे हा मोह जास्त होतो.

पाणी वाढताना पहिलं काम काचा खाली करणं. वीज आहे तोवर त्या उतरतात, नंतर नाही. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत सेंट्रल लॉक हाताने उघडण्याची सोय सक्तीची आहे, पण ती कशी वापरायची हे मुलांना आणि आजी-आजोबांना एकदा दाखवून ठेवा. मागच्या दाराचा चाइल्ड लॉक लावलेला असेल तर आतून ते दार उघडणार नाही, हेही.

## ८. डिलिव्हरीच्या दिवशी

हार, पेढे, फोटो यांच्या आधी अर्धा तास मागून घ्या. हे मोजून ताब्यात घ्या:

- दोन्ही रिमोट, दोन्हींतली धातूची किल्ली
- छापील पुस्तिका (फक्त ॲपमध्ये असेल तर फोनमध्ये उतरवून ठेवा)
- टो करण्याचा हुक, जॅक, पाना, स्टेपनी किंवा पंक्चर किट
- इन्व्हॉइस, फॉर्म २१ (विक्रीचा दाखला), फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर आणण्याजोगी असल्याचा कंपनीचा दाखला), विमा, वॉरंटीचं पुस्तक, फास्टॅग

नोंदणीचा क्रमांक पत्त्यावरून ठरतो. ठाण्याला एमएच ०४, वाशी आरटीओला एमएच ४३, पनवेलला एमएच ४६.

स्वतःच्या खर्चाने डॅशबोर्डच्या कप्प्यात काच फोडायची छोटी हातोडी, एक सुटा सेल आणि टॉर्च ठेवा. विम्यात इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून इंजिन बिघडलं तर मिळणारं संरक्षण) आणि चावी हरवल्याचं संरक्षण यांची चौकशी करा. आपल्या भागात पहिलं जवळजवळ गरजेचं आहे.

## ९. वायरिंगला कोण हात लावतं ते बघा

खालचा व्हेरिअंट घेऊन बाहेरून मोठी स्क्रीन, कॅमेरा, हॉर्न बसवून घ्यायचा विचार असेल तर एकच अट घाला: वायर कापायची नाही, कंपनीच्या सॉकेटला जुळणारा कपलर वापरायचा. कापलेल्या वायरीवरून वॉरंटी नाकारली जाते, आणि सगळी यंत्रणा एकमेकांशी वायरींवरूनच बोलत असल्याने कॅमेऱ्याच्या जोडाची चूक ब्रेकच्या दिव्यात दिसू शकते.

उंदरांचंही बघा. बेसमेंटमध्ये किंवा कचऱ्याच्या डब्यांजवळ गाडी लागत असेल तर महिन्यातून एकदा बॉनेट उघडून आत डोकवा. पूर्वी उंदराने कुरतडलेली वायर म्हणजे एखादा दिवा जायचा. आता गाडीच निघत नाही.

वॉरंटी संपल्यावर पुष्कळ जण ओळखीच्या गॅरेजकडे वळतात. माणूस चांगला असेल तर वळायला हरकत नाही, पण मागचे ब्रेक पॅड बदलायला देण्याआधी विचारा, "दादा, पार्किंग ब्रेक सर्व्हिस मोडला टाकायला स्कॅनर आहे का?" बटणाच्या ब्रेकमध्ये मोटर आधी मागे घ्यावी लागते. पान्याने जोर लावून पिस्टन ढकलला तर मोटर खराब होते. "त्याची काही गरज नाही" असं उत्तर आलं तर चावी परत घ्या आणि दुसरं गॅरेज शोधा.